पाणी बंद, रस्त्यांची नावं पुढीलप्रमाणे

सोमवार, ६ फेब्रुवारी

आज भर बैठकीत मी तोंड उघडलं. कोणी विचारलंही नव्हतं.

मुख्य जलवाहिनी बदलायचं काम मार्चात सुरू होणार आहे. जुन्या पुलापासून टेकडीपर्यंत एकेक भाग घ्यायचा, तिथलं पाणी बंद करायचं, जुनी वाहिनी उकरायची आणि नवी टाकायची. प्रत्येक वेळी आमच्या नकाशा कक्षाने एक नकाशा काढायचा. त्याखाली पाणी न येणाऱ्या रस्त्यांची नावं छापायची. तो कागद दवाखान्यांना, शाळांना, वर्तमानपत्रांना आणि गावभर फिरणाऱ्या भोंग्याच्या गाडीला जातो. गेल्या वर्षी हीच यादी वरच्या मजल्यावर कोणीतरी घाईघाईत हाताने टाइप केली, एक रस्ता सुटला, आणि नेमकं त्याच रस्त्यावरचं प्रसूतिगृह सकाळच्या गर्दीत कोरडं पडलं. ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

"या वेळी एकही रस्ता सुटता कामा नये," साहेब म्हणाले.

सल्लागार कंपनीचा गृहस्थ लगेच पुढे सरसावला. त्याचे बूट इतके चकचकीत, की त्यात पंखा फिरताना दिसत होता. "आमच्याकडे द्या. मग नकाशा कक्षाची तुम्हाला गरजच उरणार नाही," तो म्हणाला. बोलला हसतच, पण शेजारी बसलेल्या दाढीचा कप बशीवर आपटला. नकाशा कक्षात माणसं दोनच, मी आणि दाढी. खरं नाव कोणी घेत नाही त्याचं, तोही घेत नसावा.

आणि मी म्हणाले, "साहेब, आपल्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पायथॉन चालतं, संगणकाची भाषा ती. त्यात हुकमांची स्क्रिप्ट लिहिली की याद्या आपोआप निघतील. मी लिहीन."

"तुम्हाला येतं?"

"येईल."

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं. पहिला टप्पा तुमचा. तो चुकला तर पुढचे यांचे."

बाहेर आल्यावर दाढी म्हणाला, "ताई, पायथॉन म्हणजे अजगरच ना?"

"हो."

"मग एवढंच सांगा, कोण कोणाला गिळणार आहे?"

गुरुवार, ९ फेब्रुवारी

संगणकावरचे धडे बघतेय. शिकवणारा मुलगा इतक्या वेगाने बोलतो, की त्याला मधे मधे थांबवून मी भांडी घासून येते. ह्यांनी स्वयंपाक आपल्या हाती घेतला आहे. भाजी करपते, पण उत्साह दांडगा.

आज मात्र एक गोष्ट पक्की डोक्यात बसली, आणि ती इतकी आवडली की लिहून ठेवते. यादीतली नावं एका ओळीत, मधे स्वल्पविराम टाकून लिहायची असतील तर 'जॉइन' म्हणायचं. पण हुकूम यादीला द्यायचा नाही, स्वल्पविरामाला द्यायचा! अवतरणात एक स्वल्पविराम आणि एक मोकळी जागा लिहायची आणि त्यालाच सांगायचं, बाबा रे, या सगळ्यांना जोड. एवढासा तो जीव, आणि अख्खं गाव ओवतो.

वन्संना सांगितलं. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात. औषधाच्या बाटलीबरोबरच्या कागदावरसुद्धा त्यांची लाल पेन्सिल चालते.

"त्यात नवल ते काय?" त्या म्हणाल्या. "आम्ही जन्मभर तेच केलं."

सोमवार, १३ फेब्रुवारी

रस्त्यांची नावं जोडली गेली. व्हॉल्व्हचे क्रमांक जोडायला गेले तर पायथॉन भडकलं. जॉइनला अक्षरंच लागतात, आकडे चालत नाहीत. प्रत्येक आकड्याला आधी अक्षराचा अंगरखा घालायचा, मगच पंगतीत बसवायचं. एवढं कळायला अख्खी दुपार गेली. कळल्यावर मी टाळी वाजवली, आणि शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, काय झालं म्हणून.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

आज फजिती. पहिला नमुना साहेबांच्या टेबलावर ठेवला. नकाशा सुरेख. खाली रस्त्यांची नावं चौकटी कंसात, प्रत्येक नावाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं, जशी पायथॉन स्वतःसाठी ठेवतं तशीच. जॉइन लावायचंच राहिलं होतं. चकचकीत गृहस्थ म्हणाला, "यांना काटेरी कुंपण का घातलंय?" सगळे हसले. साहेब हसले नाहीत, ते जास्त लागलं.

दुरुस्त केलेला कागद घरी आणला, तर चहा करेपर्यंत वन्संनी त्यावर लाल पेन्सिल फिरवलेली! "शेवटच्या नावाआधी स्वल्पविराम नको, 'आणि' हवं. आणि हे 'कालवे रस्ता' कुठून काढलंस? कालवा एकच आहे गावात."

दिवसभराचं सगळं तोंडात आलं. "वन्सं, हे माझं ऑफिसचं काम आहे. तुमचा छापखाना नव्हे."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग ती खोक्यात ठेवली, आणि खोकं कपाटात.

बुधवार, १५ फेब्रुवारी

वन्सं बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण "हो", "नाही", "ठेव तिथे" एवढंच.

'आणि' टाकलं. शेवटचं नाव बाजूला काढायचं, उरलेली स्वल्पविरामाने जोडायची, मग 'आणि', मग ते काढलेलं नाव. दिसायला छान दिसतं. वन्संना दाखवलं नाही.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

वन्सं हल्ली सकाळी चहा झाला की छत्री घेऊन बाहेर पडतात, त्या थेट दुपारी येतात. उन्हाने चेहरा लाल. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणतात, "जरा पाय मोकळे करायला."

ह्यांना म्हटलं, "एवढं कोणी चालतं का? गुडघे दुखतात म्हणून त्या पलीकडच्या दुकानात जात नव्हत्या."

"बरं आहे की, तब्येतीला चांगलं," हे म्हणाले. ह्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीला रंग देण्यासारखं. भिंत काही म्हणत नाही.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

दाढीने आज वन्संना गिरणी गल्लीच्या तोंडाशी पाहिलं. चष्मा कपाळावर ढकलून, मान वर करून भिंतीवरची पाटी वाचत होत्या म्हणे. त्याने हाक मारली तर ओशाळल्यासारख्या झाल्या आणि निघून गेल्या.

पाट्या! 'खोली भाड्याने देणे आहे'च्या पाट्या. त्या एका वाक्यावरून या वयात वेगळं बिऱ्हाड करणार की काय? ह्यांना सांगायचा धीर झाला नाही.

रात्री जेवताना त्या अचानक म्हणाल्या, "गिरणी गल्लीतला 'णी' तुमच्या नकाशात र्‍हस्व आहे. पाटीवर दीर्घ आहे." झालं. घर सोडायच्या तयारीतसुद्धा माझ्या चुका काढणं सुटत नाही.

बुधवार, १ मार्च

आज आल्या आल्या लिहायला बसले.

पहिल्या टप्प्याचा नकाशा आज छापायला जायचा होता. अभियंत्यांनी दिलेली रस्त्यांची नावं मी स्क्रिप्टमध्ये एकाखाली एक टाइप केली होती. स्क्रिप्ट त्यांना स्वल्पविरामांनी गुंफून नकाशाला विचारते, यातले रस्ते दाखव. नकाशा ते लाल करतो. कुरकुर नाही, तक्रार नाही. दाढी म्हणाला, "पाठवू?" मी म्हटलं, "थांब, एकदा डोळ्यांखालून घालते."

सगळा भाग लाल, आणि मधेच एक पांढरा पट्टा. दात पडलेल्या जागेसारखा. गोदाम रस्ता. त्याला लागून बागेचा रस्ता, तोही पांढरा. गोदाम रस्त्यावर डायलिसिस केंद्र आहे. तिथे यंत्रांना पाणी लागतं आणि रोज माणसं झोपलेली असतात. नकाशा सांगत होता, त्यांचं पाणी चालू राहील.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्क्रिप्ट उघडली. दोन्ही नावं होती! अक्षर न् अक्षर बरोबर. मग का नाही दिसत? दाढी म्हणाला, "सॉफ्टवेअर गंडलंय." मी एकेका ओळीवर बोट ठेवत खाली गेले, आणि बोट थांबलं.

'गोदाम रस्ता' यापुढे स्वल्पविराम नव्हता.

मधे स्वल्पविराम नसला तर पायथॉन दोन नावं गुपचूप चिकटवून टाकतं. त्याच्या लेखी 'गोदाम रस्ताबागेचा रस्ता' नावाचा एकच रस्ता होता. नकाशाने तो शोधला, सापडला नाही, सोडून दिला. असा रस्ता जगात नाहीच, तर पाणी तरी कुणाचं बंद होणार? पुढे 'आणि' लावून छापलेल्या यादीतही तो तसाच जोडलेला होता, आणि आम्ही सगळ्यांनी तो वाचूनही सोडला होता.

स्वल्पविराम टाकला. स्क्रिप्ट चालवली. पट्टा लाल झाला. मी खुर्चीत मागे रेलले आणि दाढी खालून दोन चहा घेऊन आला, न सांगता. पहिल्यांदाच.

गुरुवार, २ मार्च

साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. दाढी म्हणत होता, कशाला सांगता, सुधारलंय ना. पण हे पुन्हा झालं तर?

साहेब ऐकून घेत होते. मी म्हटलं, "नावं हाताने टाइप करणंच बंद करते. बंद होणाऱ्या व्हॉल्व्हचे क्रमांक तेवढे द्यायचे. त्यांच्या पुढची वाहिनी नकाशाला ठाऊकच आहे. तिच्यावरचे रस्ते, दवाखाने, शाळा स्क्रिप्टच गोळा करील. आणि दिलेल्यांपैकी एक जरी गोष्ट नकाशात सापडली नाही, तर गप्प न बसता थांबेल आणि ओरडेल."

"किती वेळ लागेल?"

"पहिल्या टप्प्याच्या आधी होईल."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर कोण चालवणार?"

"दाढी," मी म्हटलं. साहेबांना तो कोण ते कळलं, म्हणजे नाव वरपर्यंत पोचलंय.

सोमवार, ६ मार्च

स्क्रिप्ट ओरडते! मुद्दाम खोटा क्रमांक दिला तर लाल अक्षरांत थांबली. एवढ्या आनंदाने मी कोणाचं ओरडणं कधी ऐकलं नसेल.

पण नवी अडचण. आता नावं नकाशातून येतात, आणि नकाशातली नावं कोणी कोणत्या काळात भरली देव जाणे. 'कालवे रस्ता', 'गिरणि गल्ली', एक तर नुसतंच 'रस्ता'. भोंग्यावर 'रस्ता' म्हणून ओरडलं तर कोण बादली भरणार?

घरी डोकं धरून बसले होते. वन्सं छत्री ठेवून आत आल्या. आज मला राहवलं नाही. "वन्सं, खरं सांगा. खोली बघताय का?"

"कसली खोली?"

"राहायला. वेगळं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या, ते इतकं की ठसका लागला, ह्यांना पाणी आणायला धावावं लागलं. "अगं वेडे, मी पाट्या बघत होते! तुझ्या नकाशात नावं कशी आहेत आणि पाटीवर कशी आहेत ते. कालवे रस्ता म्हणे! त्या दिवसापासून झोप लागेना मला. तुला सांगायला आले की तू तोंड फिरवायचीस, म्हणून जेवताना एकेक सोडत होते."

"उन्हात? गुडघे घेऊन?"

"गुडघे ठेवून कसं जाणार?"

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "मला माहीत होतं." माहीत होतं! भिंतीला सगळं माहीत होतं!

संध्याकाळभर वन्सं बोलत गेल्या आणि मी नकाशात नावं सुधारत गेले. पुलापासून टेकडीपर्यंत. त्या नुसत्या 'रस्ता'चं नाव 'शिंप्यांची वाट' आहे. कपाटातलं खोकं मीच काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

सोमवार, १३ मार्च

पहिला टप्पा सुरू. नकाशे गेले. सकाळपासून फोन, पण सगळे विचारणारे, तक्रारीचा एकही नाही. डायलिसिस केंद्राने टँकर आधीच मागवून ठेवला होता. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "तुमचा कागद दारावर लावलाय. पेशंट वाचून आम्हालाच समजावून सांगतात."

चकचकीत गृहस्थ खिडकीतून बघत उभा होता. म्हणाला, "ठरलेल्या कामात हे बरं चालतं. खरी परीक्षा न ठरलेल्या कामात." नजर लागते म्हणतात ती हीच.

मंगळवार, १४ मार्च

आजचा दिवस कसा लिहू? हात शाईने माखलेत, आवाज बसलाय, आणि मी हसतेय.

सकाळी खोदकामाचं यंत्र टेकडीच्या बाजूच्या दुसऱ्याच वाहिनीवर बसलं. कारंजं घराएवढं उडालं. तिथलं पाणी बंद व्हायचं ठरलेलंच नव्हतं. कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. साहेब धावत आमच्या खोलीत आले, मागे अर्धं कार्यालय, त्यात तो गृहस्थही.

"कुठले रस्ते कोरडे पडणार?"

"आमची माणसं उद्या संध्याकाळपर्यंत काढून देतील," गृहस्थ म्हणाला.

"उद्या?" साहेब म्हणाले, आणि माझ्याकडे वळले.

मी टेकडीवरच्या व्हॉल्व्हमनला फोन लावला. मागे पाण्याचा नुसता गडगडाट. तो गुडघाभर चिखलात उभा राहून एकेक क्रमांक ओरडत होता, मी मोठ्याने पुन्हा म्हणत होते, दाढी टाइप करत होता. सगळे झाले. दाढीने स्क्रिप्ट चालवली.

ती थांबली. लाल अक्षरं.

गृहस्थाने घसा खाकरला. "म्हटलं ना मी."

मी ती अक्षरं नीट वाचली. एक व्हॉल्व्ह नकाशात नाही, एवढंच म्हणत होती ती. ओरड म्हणून मीच शिकवलेलं तिला! मी फोनमध्ये ओरडले, "तिसरा क्रमांक परत सांगा! सावकाश!"

पाण्याच्या आवाजात सात आणि साठ एक झाले होते. दाढीने दुरुस्त केलं. पुन्हा चालवली.

नकाशा लाल होत गेला, वरच्या टाकीपासून खाली आमच्या घराच्या बाजूपर्यंत. त्याखाली ओळ उमटली, रस्त्यामागून रस्ता, स्वल्पविरामामागून स्वल्पविराम, आणि शेवटच्या नावाआधी 'आणि'. त्याखाली दवाखाने. त्याखाली शाळा. साहेबांनी छपाई यंत्रातून येणारा कागद अर्ध्यातच ओढून घेतला, वाचला आणि म्हणाले, "भोंग्याची गाडी काढा." मग फोन उचलून दवाखाने घ्यायला लागले, स्वतः, वरून खाली.

वृद्धाश्रमाचा फोन मी केला. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "अहो पण आत्ता तर नळाला पाणी आहे."

"म्हणूनच सांगतेय. टाकीत आहे तेवढंच. भरून घ्या!"

मागे त्यांनी कोणालातरी हाक मारली, आणि फोन ठेवायच्या आत मला बादल्यांचा खडखडाट ऐकू आला. असं संगीत मी ऐकलं नव्हतं.

दुपारपर्यंत टाक्या उतरल्या, नळ सुकले. तक्रारीच्या टेबलावरचा माणूस दोनदा फोन उचलून बघत होता, चालू आहे ना म्हणून. कोणीही कोरडं राहिलं नाही. कोणीही. साहेब संध्याकाळी आले, दारात उभं राहून म्हणाले, "पुढचे सगळे टप्पे नकाशा कक्षाचे." त्या गृहस्थाने चक्क हात पुढे केला. म्हणाला, "ते थांबून ओरडणं आमच्याकडेही हवं. शिकवाल?" मी म्हटलं, "या की. बूट मात्र टेकडीवर नेऊ नका." तोही हसला. दाढी खुर्चीवर उभा राहून टाळ्या पिटत होता.

बसमध्ये बसले तेव्हा डोक्यात वीज चमकली. यादीत आमचीसुद्धा गल्ली होती! सगळ्या गावाला सांगितलं आणि घरी सांगायला साफ विसरले. हे कामावर, वन्सं एकट्या. कोपऱ्यापासून जवळजवळ धावत आले.

दार उघडलं तर पाय ठेवायला जागा नाही. बादल्या, घागरी, पातेली, कुकर, कपड्यांचा टब, चहाचे कपसुद्धा ओळीने भरून ठेवलेले. खिडकीतल्या फुलदाणीतही पाणी, आणि फूल एकही नाही. मधोमध वन्सं, पदर खोचलेला, कोपरापर्यंत ओल्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"भोंग्याने. गॅलरीत उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं." त्या खुर्चीवर टेकल्या. "एकही चूक नव्हती. मी शोधली, हां."

मी आत गेले, तोंडावर पाणी मारलं, आणि अशा दिवशी मारू नये तेवढं मारलं. बाहेरून वन्सं ओरडल्या, "पुरे! उद्यापर्यंत पुरवायचंय ते!"